पत एकाची, पत्ता दुसऱ्याचा

लालबाग-परळच्या एखाद्या चाळीत, पिंपरीच्या कामगार वसाहतीत किंवा सोलापूरच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात एक दिवस पाकीट येते. पाकिटावर खोली क्रमांक बरोबर असतो, मजला बरोबर असतो, पिनकोडही बरोबर असतो. नाव मात्र घरातल्या कोणाचेच नसते. पोस्टमन घाईत असतो, पाकीट दाराच्या फटीतून आत सरकते. घरातला माणूस ते चार दिवस टेबलावर ठेवतो, मग कपाटाच्या मागे खोचतो आणि विसरतो. महिन्याने दुसरे पाकीट येते. त्यावर तांबड्या अक्षरांत 'तातडीचे' असे छापलेले असते. आणखी काही दिवसांनी संध्याकाळच्या वेळी दोन तरुण दारात उभे राहतात. "तो येथे राहत नाही" असे सांगितले की ते हसतात, कारण येथे राहत नाही असे तर प्रत्येकच जण सांगतो. "काका, तुमचाच मुलगा ना तो? कशाला लपवता?" असे मोठ्याने विचारले जाते. जिन्यात शेजारी जमतात. ज्याने किराणा दुकानाची उधारीसुद्धा कधी महिन्यापलीकडे जाऊ दिली नाही, त्या माणसावर स्वतःच्याच उंबरठ्यावर स्वतःची ओळख पटवून देण्याची पाळी येते.

हा प्रसंग आता अपवादात्मक राहिलेला नाही. शहरातल्या कोणत्याही वस्तीत चौकशी केली तर कोणाच्या ना कोणाच्या दारी परक्या नावाची पाकिटे आलेली आढळतील. तरीही या त्रासाला अद्याप नाव नाही. वर्तमानपत्रांतून फसवणुकीच्या ज्या बातम्या येतात त्यांत कोणाचे तरी पैसे गेलेले असतात. येथे पैसे गेलेले नसतात; गेलेली असते ती मनःशांती आणि थोडीफार अब्रू. त्यामुळे पोलीस चौकीत "तुमचे नुकसान काय झाले?" असा प्रश्न येतो आणि त्याला चटकन उत्तर देता येत नाही.

भीती मात्र मोठी असते, आणि बहुतांशी ती अज्ञानातून येते. तेव्हा प्रथम कायद्याची बाजू पाहिली पाहिजे. आपल्या देशात २००५ सालच्या पतमाहिती कंपनी कायद्याखाली चार कंपन्या प्रत्येक कर्जदाराच्या परतफेडीची नोंद ठेवतात. ही नोंद माणसाची असते, घराची नसते. नाव, जन्मतारीख, पॅन यांवरून ती जुळवली जाते. दुसऱ्याने केवळ आपला पत्ता वापरला म्हणून आपली पत घसरत नाही. पण नुसता पत्ताच वापरला आहे की आपले नाव आणि पॅनही वापरले आहे, हे पाहणे अगत्याचे असते, आणि ते पाहण्याची सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून या चारही कंपन्यांना प्रत्येक नागरिकाला वर्षातून एकदा त्याचा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य द्यावा लागतो. त्यात आपण न घेतलेले कर्ज दिसले तर प्रकरण निराळे होते: ती ओळखीची चोरी असते, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६क कलमाखाली तिला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, आणि १९३० या क्रमांकावर किंवा पोलीस ठाण्यात तिची फिर्याद तत्काळ नोंदवली पाहिजे. अहवाल स्वच्छ असेल तर प्रश्न पत्त्यापुरताच आहे असे समजावे.

दुसरी भीती जप्तीची. घरातल्या बाईमाणसांना ती अधिक वाटते, आणि वसुलीवाले तिचाच उपयोग करतात. वस्तुतः वसुलीसाठी दारात आलेल्या माणसाला घरातली एक वाटीसुद्धा उचलण्याचा अधिकार नाही. दिवाणी जप्ती होते ती न्यायालयाच्या हुकमाने, बेलिफाच्या हातून, आणि ऋणकोच्या मालमत्तेवर. चुकून परक्याच्या वस्तूंवर टाच आलीच तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१व्या आदेशातील ५८व्या नियमान्वये त्याला त्याच न्यायालयात हरकत घेता येते. कर्जवसुलीसाठी गुंड पाठवणे बँकांना शोभत नाही, वसुली कायद्याच्या मार्गानेच झाली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली स्पष्ट शब्दांत बजावले आहे. अपवाद एकच: भिंतीवर चिकटवलेल्या नोटिशीत जर ते घरच तारण म्हणून दाखवलेले असेल, तर एक दिवसही न दवडता वकील गाठावा. २००२ सालच्या तारण-वसुली कायद्याखाली कर्जदारच नव्हे तर कोणतीही बाधित व्यक्ती ४५ दिवसांच्या आत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागू शकते.

इतके झाले तरी मूळ प्रश्न उरतोच. ज्या घरात कर्जदार कधी राहिलाच नाही, त्या घराचा पत्ता कर्जाच्या कागदावर आला कसा, आणि आला तर टिकला कसा?

पूर्वी सावकार ऋणको ओळखत असे. त्याचे शेत कोणते, बैल किती, थोरल्या मुलीचे लग्न कधी झाले, हे त्याला खातेवहीपेक्षा अधिक चांगले पाठ असे. त्या ओळखीत पिळवणूक होती, यात शंका नाही. पण माणूस चुकण्याची शक्यता नव्हती. आजच्या वित्तसंस्थेला माणूस ओळखायचा नसतो, कारण माणूस ओळखायला वेळ आणि पगारी नोकर लागतात. तिला कागद जुळवायचा असतो. कर्जाचा अर्ज दलालाने भरायचा, दलालाला प्रत्येक मंजूर अर्जामागे दलाली मिळायची आणि मंजुरी काही मिनिटांत यायची, अशी रचना एकदा उभी राहिली की पत्त्याच्या रकान्यात काय लिहिले आहे याची चिंता करणारा कोणीच शिल्लक राहत नाही.

यावर कोणी म्हणेल की पत्त्याची खातरजमा करण्याचे नियम आहेत. आहेत. ग्राहक समोर न येता खाते उघडले गेले असेल तर चालू पत्त्याची खातरजमा केल्याशिवाय व्यवहार सुरू करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश सांगतात. खातरजमेचे मार्गही तेथे दिले आहेत: प्रत्यक्ष भेट, पत्त्याच्या पडताळणीचे पत्र, किंवा त्या पत्त्यावर पोहोचवलेली टपालाची वस्तू. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. पाकीट पाठवले, ते परत आले नाही, म्हणजे माणूस तेथे राहतो, असा अर्थ काढायला या शेवटच्या मार्गाने वाव ठेवला आहे. कपाटामागे खोचलेले ते पहिले पाकीट, जे घरच्या माणसाने आळसाने किंवा भिडेने परत केले नाही, तेच त्या परक्या माणसाच्या वास्तव्याचा पुरावा ठरू शकते. अशा रीतीने पडताळणीचे काम वित्तसंस्थेच्या नोकराकडून निघून घरमालकाच्या अंगावर येते, आणि त्याला त्याची वर्दीही नसते.

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत याला बाह्य परिव्यय म्हणतात. कारखान्याने धुराडे उंच बांधण्याचा खर्च वाचवला की तो खर्च शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांतून वसूल होतो. वित्तसंस्थेने पत्ता तपासण्याचा खर्च वाचवला की तो एखाद्या निवृत्त कंडक्टरच्या झोपेतून वसूल होतो. चाळीत या व्यवहाराला निराळा शब्द आहे. तो येथे छापता येणार नाही. चूक दाखवून दिल्यावरही ती दुरुस्त होत नाही, याचेही कारण हिशेबातच आहे. पत्ता खोटा आहे असे मान्य केले तर कर्जदार हाती नाही हे मान्य करावे लागते, आणि वसुलीचे काम ठेक्याने घेतलेल्या संस्थेला ते नको असते. त्यापेक्षा त्याच दारी पुनःपुन्हा जावे. घरचा माणूस लाजेने, वैतागाने कधीतरी खऱ्या माणसाचा माग काढून देईल, न जाणो कटकट मिटवण्यासाठी थोडेफार भरूनही टाकील. म्हणजे ज्याचा या व्यवहाराशी संबंध नाही, त्याला बिनपगारी हेर म्हणून राबवले जाते. मोबाईलवरून कर्ज देणाऱ्या काही मंडळींनी कर्जदाराच्या फोनमधील संपर्कयादी उचलून त्याच्या मित्रांना, मेहुण्यांना, कार्यालयातल्या वरिष्ठांना धमकावण्याचा जो प्रकार चालवला होता, त्याचीच ही सभ्य आवृत्ती आहे. संपर्कयादीला हात लावण्यास रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली. पत्त्याच्या बाबतीत तशी स्पष्ट मनाई झालेली नाही.

नियमांची भाषा बारकाईने वाचली तर ही उणीव ठळकपणे दिसते. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने वसुली प्रतिनिधींना सकाळी आठच्या आधी व संध्याकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास, धाकदपटशा करण्यास, चारचौघांत अपमान करण्यास प्रतिबंध केला. हे योग्यच झाले. पण त्या परिपत्रकाच्या नजरेसमोर आहेत ते कर्जदार, त्याचे कुटुंबीय, त्याचे मित्र आणि त्याने संदर्भ म्हणून दिलेली माणसे. ज्याचा त्याच्याशी कसलाच संबंध नाही, असा माणूस नियम लिहिणाऱ्यांना सुचलेलाच दिसत नाही. २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेची भाषाही ग्राहकाच्या तक्रारीची होती: ग्राहकाने आधी संस्थेकडे तक्रार करावी, तीस दिवसांत समाधान झाले नाही तर लोकपालाकडे यावे. आता ज्याने बँकेत पाऊलही टाकले नाही, तो ग्राहक कसा? बँकेचा दूरध्वनी उचलणारा मुलगा प्रथम ग्राहक क्रमांक विचारतो. क्रमांक नाही म्हटले की त्याच्यापुढचा रकाना भरत नाही, आणि रकाना भरला नाही की तक्रार जन्मालाच येत नाही. त्या मुलाचा यात दोष नाही. तोही ठेक्यावरच आहे.

या ठिकाणी एका सोप्या मोहापासून सावध राहिले पाहिजे. दुसऱ्याचा पत्ता देणारा प्रत्येक कर्जदार लबाड असतो असे मानून त्याच्यावर तुटून पडणे सोपे आहे, आणि वित्तसंस्थांना तेच हवे आहे. लबाड असतात, टोळ्याही असतात. त्यांची गाठ पोलिसांनी घ्यावी. परंतु पुष्कळदा तो माणूस त्याच खोलीत दोन वर्षांपूर्वी भाड्याने राहून गेलेला असतो. त्याच्या आधारपत्रावर अजून तोच पत्ता असतो, कारण त्यानंतरच्या तिन्ही घरमालकांनी त्याला करारपत्र दिलेले नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या, म्हणजे १९९९ च्या अधिनियमाच्या, ५५व्या कलमाने लेखी व नोंदणीकृत करार करण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. ती टाळणाऱ्याला शिक्षाही सांगितली आहे. प्रत्यक्षात कर आणि नोंदणीचा खर्च चुकवण्यासाठी हजारो खोल्या तोंडी बोलीवर दिल्या जातात. त्या खोल्यांत राहणारा माणूस कोठेच राहत नसतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये आधारवरील पत्त्याहून वेगळा चालू पत्ता स्वयंघोषणेने देण्याची मुभा मिळाली ती अशा स्थलांतरितांसाठीच, आणि ती काढून घ्यावी असे येथे सुचवायचे नाही.

शिवाय, खरा पत्ता देऊन कर्ज मिळते असेही नाही. मराठीत 'पत' आणि 'पत्ता' हे शब्द उच्चाराने शेजारी आहेत. बँकांच्या व्यवहारात ते एकच होऊन बसले आहेत. काही बँका विशिष्ट वस्त्यांना 'नकारात्मक भौगोलिक क्षेत्र' ठरवून तेथील लोकांना कर्ज आणि इतर सोयी सहजी देत नाहीत, याची नोंद सच्चर समितीने २००६ च्या आपल्या अहवालात केली होती. मुसलमानांच्या पतपुरवठ्याची चर्चा करताना समितीने ती केली, हे पुरेसे बोलके आहे. चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण होऊन तेव्हा सदतीस वर्षे झाली होती. ज्याच्या वस्तीचे नावच अर्ज नाकारण्यास पुरते, तो आतेभावाचा, मुकादमाचा, जुन्या शेजाऱ्याचा पत्ता देतो. त्यात त्याला गुन्हा वाटत नाही. पोरांच्या शाळाप्रवेशासाठीही त्याने तेच केलेले असते. हप्ते फेडले गेले तर कोणाला कळतही नाही. काम सुटले, आजारपण आले, हप्ता चुकला, की तो उसना पत्ता एखाद्या निरपराधाच्या दारावर आदळतो. दोन माणसे समोरासमोर उभी केली जातात, एक पत नसलेला आणि एक पत्ता गेलेला. आणि ज्याने न तपासता कर्ज दिले तो बाजूला उभा राहतो.

महाराष्ट्राला धनको-ऋणकोंच्या कागदांचा इतिहास नवा नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली. तेथे आणि नंतर पुणे-नगर भागातल्या गावोगावी त्यांचे मुख्य लक्ष्य कर्जरोखे हे होते. रोखे हाती लागले की ते जाळून टाकले जात. त्या रोख्यांत काय लिहिले आहे हे अंगठा देणाऱ्याला ठाऊक नसे. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. त्या कायद्यातील एक तरतूद आजही अभ्यासण्याजोगी आहे. शेतकऱ्याने करून दिलेला रोखा ग्रामनिबंधकासमोर लिहिला गेला पाहिजे, नाहीतर तो पुराव्यात चालणार नाही, असे तिने ठरवले. परकी राजवट होती, हेतू राज्य शांत ठेवण्याचा होता, आणि सावकारांनी त्यातूनही वाटा शोधल्या. परंतु तत्त्व बरोबर होते: कागद खरा आहे हे दाखवण्याची जोखीम कागदावर पैसे कमावणाऱ्याने घ्यायची.

आज मागणी करायची ती याच तत्त्वाची. पत्त्यावर राहणाऱ्या माणसाने 'अमुक नावाची व्यक्ती येथे राहत नाही' असे लेखी कळवले, की वित्तसंस्थेने त्याला पोच द्यावी, ठराविक दिवसांत तो पत्ता आपल्या दप्तरातून, वसुलीच्या यादीतून आणि पतमाहिती कंपनीच्या नोंदीतून काढावा आणि काढल्याचे लेखी कळवावे. त्याला ग्राहक क्रमांक विचारू नये. आणि विलंबाला दंड असावा. हे अव्यवहार्य आहे असे कोणी म्हणू नये. पतअहवालातील चूक तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही तर तक्रारदाराला दर दिवशी शंभर रुपये भरपाई द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला आणि तो एप्रिल २०२४ पासून लागू केला. जो न्याय कर्जदाराला मिळतो तो कर्जाशी संबंध नसलेल्याला का मिळू नये? शंभर रुपये ही रक्कम मोठ्या संस्थेला क्षुल्लक आहे. पण दिवसागणिक वाढणारा आकडा दिसू लागला की दप्तरे हलतात, हा अनुभव आहे.

तोवर वस्तीतल्या कार्यकर्त्याला करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि रेशनकार्डाच्या अर्जांपेक्षा ते अवघड नाही. परक्या नावाचे पाकीट आले तर ते फोडू नये. त्यावर 'ही व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही' असे ठळक लिहून, तारीख घालून, त्याचा फोटो काढून ते पोस्टमनकडे परत द्यावे. पहिलेच पाकीट परत जाईल असे पाहावे, कारण पहिल्याचेच महत्त्व सर्वांत अधिक. दुसरे आले तर पाकिटावर नाव असलेल्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहावे. नोंदणीकृत टपाल २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झाले आहे, तेव्हा पत्र स्पीड पोस्टाने, पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा रीतीने पाठवावे. पत्रासोबत घरात कोण राहते याचा पुरावा जोडावा. मात्र आधारचा पूर्ण क्रमांक झाकून. दारात आलेल्या वसुलीवाल्याला कागद देऊ नयेत. त्याचे अधिकारपत्र आणि ओळखपत्र आधी मागावे, त्यावरील नाव उतरवून घ्यावे, आणि बोलणे दारातच, शेजाऱ्यांच्या साक्षीने करावे. ज्या शेजाऱ्यांची लाज वाटते तेच येथे उपयोगी पडतात. सोसायटीच्या किंवा चाळ समितीच्या चिटणीसाने 'या खोलीत अमुक कुटुंब अमुक सालापासून राहते' असा दाखला दिला तर बँकेच्या पत्रव्यवहारात त्याला वजन येते.

बेलिफ आला तर मात्र दार लावून घेऊ नये. प्रतिवादी सापडला नाही तर समन्स दारावर डकवून बजावणी झाली असे धरण्याची सोय संहितेत आहे, आणि मग त्या न दिसलेल्या कर्जदारावर एकतर्फी हुकूमनामा होतो. त्याला त्याचा पत्ताही लागत नाही. 'हा माणूस येथे राहत नाही, आम्ही अमुक वर्षांपासून राहतो' असे बेलिफाला लिहून द्यावे आणि त्याची नोंद त्याच्या अहवालात करून घ्यावी. त्यात दोघांचेही हित आहे.

असे एखादे प्रकरण हाती घेतले की जुन्या भाडेकरूचा शोध लागण्याचाही संभव असतो. तो दोन गल्ल्या पलीकडेच, करारपत्राविना, दुसऱ्या कोणाच्या तरी पोटमाळ्यावर राहत असतो. त्याचे नाव वसुलीवाल्यांच्या हाती देण्यापूर्वी त्याच्या घरमालकाकडे ५५व्या कलमाखालचा नोंदणीकृत करार मागायला त्याला सोबत घेऊन जावे. पत्ता मिळाला की तो बँकेला स्वतः कळवील, आणि हप्त्यांची फेरआखणीही त्याला आपल्या नावाने मागता येईल.